स्विंगच्या एका सेकंदासाठी: मेट्रोनोम, टेम्पो अ‍ॅप आणि तबल्याचा ठेका यांचं परीक्षण

बडोद्याच्या कुठल्याही गोल्फच्या सराव रेंजवर सकाळी चक्कर मारा, प्रत्येक मॅटवर सूचनांचा भडिमार ऐकू येतो. डोकं खाली ठेव, डावा हात सरळ, खांदे पूर्ण वळव, मनगट लवकर सोडू नकोस, हळू घे. यातली एकही सूचना चुकीची नाही. अडचण वेळेची आहे. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, मागे जायला लागल्यापासून चेंडूला लागेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि त्यातला डाउनस्विंग, म्हणजे क्लब खाली येण्याचा भाग, जेमतेम पाव सेकंदाचा असतो. काही जाणवल्यावर हाताने त्याला प्रतिसाद द्यायलाच सुमारे ०.२ सेकंद लागतात. म्हणजे टॉपवरून, सगळ्यात वरच्या जागेवरून, क्लब खाली सुटल्यावर ‘मनगट सोडू नकोस’ असं मनात आलं, तर ते हातापर्यंत पोहोचेतो चेंडू उडून गेलेला असतो. तेव्हा स्विंगमध्ये लक्ष कुठे ठेवायचं हे स्विंगच्या आधी ठरलेलं असावं लागतं, आणि तो एक सेकंद मनाला तिथेच थांबायला काहीतरी आधार लागतो. असा आधार देणारी साधनं बाजारात आहेत. त्यातली काही फुकट आहेत, आणि फुकटातली एक-दोन उत्तम आहेत.

इथे चार साधनं तपासली आहेत. फोनवरचा साधा मेट्रोनोम, खास गोल्फसाठी तयार केलेलं ‘टूर टेम्पो’ हे टोन वाजवणारं अ‍ॅप, गाण्याच्या रियाजासाठी ठेका वाजवणारं तबल्याचं अ‍ॅप, आणि टोकाला जड गोळा बसवलेला लवचीक दांडीचा ट्रेनर. निकाल आधीच सांगतो. ज्याच्या कानात तीनताल बसलेला आहे त्याने तबल्याचं अ‍ॅप वापरावं, त्याच्याइतकं चांगलं काही नाही. ज्याच्या कानात तो नाही त्याला साधा मेट्रोनोम पुरतो. टोनच्या अ‍ॅपवर पैसे खर्च करायचे ते ज्याला आकडे लावत बसायचं नाही किंवा शॉर्ट गेमवर, म्हणजे जवळच्या छोट्या फटक्यांवर, खास काम करायचं आहे त्याने. आणि लवचीक ट्रेनर वॉर्मअपला चांगला आहे, पण लक्षाच्या प्रश्नाशी त्याचा संबंध थोडाच.

या सगळ्याच्या मुळाशी तीनास एक हे प्रमाण आहे. जॉन नोवोसेल यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या स्विंगच्या फिल्मच्या फ्रेम मोजल्या, तेव्हा बॅकस्विंगला, म्हणजे क्लब मागे नेण्याला, लागणारा वेळ डाउनस्विंगच्या जवळजवळ तिप्पट असल्याचं दिसलं. त्यांचं पुस्तक २००४ मध्ये आलं आणि ‘टूर टेम्पो’चे टोन त्यातूनच निघाले. येल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रोबर यांनीही स्विंगचं गणित मांडताना याच प्रमाणाचा अभ्यास केला आहे. कोणी जलद खेळतो, कोणी सावकाश, पण प्रमाण फारसं हलत नाही. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर मुख्य जोड्या तीन: २१/७, २४/८ आणि २७/९. पहिला आकडा बॅकस्विंगच्या फ्रेम, दुसरा डाउनस्विंगच्या. २१/७ म्हणजे ०.७० आणि ०.२३ सेकंद, एकूण ०.९३. २४/८ म्हणजे ०.८० आणि ०.२७, एकूण १.०७. २७/९ म्हणजे ०.९० आणि ०.३०, एकूण १.२० सेकंद. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला २७/९ सुद्धा घाईचं वाटतं, कारण ‘हळू घे, हळू घे’ ऐकून बहुतेकांचा बॅकस्विंग गरजेपेक्षा लांबलेला असतो. बॅकस्विंगला सव्वा सेकंद लागला की मधे विचाराला जागा होते, आणि ती जागा लगेच भरली जाते.

मेट्रोनोम या प्रमाणाला कसा लावायचा हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. चार मात्रांचं माप निवडा आणि पहिल्या मात्रेवर जोर ठेवा. पहिल्या, जोराच्या टोल्यावर क्लब हलला पाहिजे. चौथ्या टोल्यावर क्लबहेड टॉपला दिशा बदलतं. पुढच्या जोराच्या टोल्यावर चेंडूला लागतं. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत तीन अंतरं, चौथ्यापासून पुढच्या पहिल्यापर्यंत एक. तीनास एक आपोआप झालं. गती मिनिटाला टोल्यांमध्ये अशी ठेवायची: २७/९ साठी २००, २४/८ साठी २२५, २१/७ साठी २५७. किल्लीचा जुना लंबकाचा मेट्रोनोम २०८ च्या पुढे जात नाही, आणि काही अ‍ॅपही २०८ ला किंवा २४० ला थांबतात. तसं असेल तर गती निम्मी करून प्रत्येक टोल्याचे दोन भाग करायची सोय वापरा: १००, ११२ किंवा १२८, दोन मात्रांचं माप. ११२ घेतलं की प्रत्यक्षात २२४ मिळतात, एवढा फरक कानाला कळत नाही. पण पहिल्या टोल्यावरचा जोर विसरू नका. सगळे टोले एकसारखे वाजले की नेमकी सुरुवात कुठली हे शोधण्यातच लक्ष जातं, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तेच हातचं निसटतं.

‘टूर टेम्पो’ इथे वापरायला सोपं आहे. आकडे लावायचे नाहीत, तयार जोडी निवडायची. पहिल्या टोनला क्लब हलवायचा, मग टॉपचा, मग इम्पॅक्टचा, म्हणजे चेंडूला लागण्याचा. शॉर्ट गेमसाठी दोनास एक प्रमाणाचे वेगळे टोन मिळतात, ही त्याची खरी जमेची बाजू. लांब फटक्यांपुरतंच काम असेल तर चार मात्रांचा मेट्रोनोम जे देतो त्याहून फार जास्त यात नाही.

आता तबल्याच्या अ‍ॅपबद्दल, कारण सगळ्यात जास्त सांगण्यासारखं इथेच आहे.

तीनतालाचा एक विभाग म्हणजे चार मात्रा, आणि मेट्रोनोमचं चार मात्रांचं मापही तेच. पण तबला त्याहून पुढे जातो. मेट्रोनोमचा प्रत्येक चौथा टोला सारखाच असतो, तर तीनतालाच्या सोळा मात्रांना चढ-उतार आहे, खाली आहे (नववी, बिनजोराची मात्रा), सम आहे (आवर्तनाची पहिली मात्रा). त्यामुळे फक्त स्विंगच नाही, चेंडूपाशी उभं राहिल्यानंतरचा सगळा वेळ एका आवर्तनात बसवता येतो. पहिला विभाग, धा धिं धिं धा: नजर निशाणावर. दुसरा, धा धिं धिं धा: नजर चेंडूवर परत, चेंडूच्या मागच्या कडेवरच्या एका बिंदूवर. तिसरा, धा तिं तिं ता, खालीचा: श्वास सोडायचा आणि मनगटं मोकळी ठेवत क्लब किंचित हलता ठेवायचा. चौथा, ता धिं धिं धा: तेराव्या मात्रेच्या ‘ता’वर क्लब मागे निघाला, सोळाव्या ‘धा’ला टॉप, आणि चेंडू समेवर. २२५ च्या लयीत हे आवर्तन सव्वाचार सेकंदांत पुरं होतं, २०० च्या लयीत ४.८ सेकंदांत. चेंडूवर ओणवं राहून दहा-बारा सेकंद गोठून जाणाऱ्यांसाठी हे मोठं औषध आहे. तेवढ्या वेळात खांदे आखडतात, ग्रिप घट्ट होते आणि मग पहिली हालचाल झटक्याने होते.

समेवर येणं ही गोष्ट आपल्या कानाला शिकवावी लागत नाही. बडोद्यात तर नाहीच. सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली ती याच शहरात, भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये भरवली तीही इथेच, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या घरांत लहानपणी तबल्याच्या किंवा पेटीच्या शिकवणीला गेलेली माणसं आजही सापडतात. अशा माणसाला ‘तिसऱ्या टोनवर इम्पॅक्ट’ असं सांगितलं तर तो टोन मोजतो. ‘चेंडू समेवर घे’ म्हटलं तर मोजणं थांबतं, समेची ओढ क्लबला आपोआप खाली आणते. लक्ष शरीराच्या कुठल्याही भागावर न राहता येणाऱ्या समेवर राहतं, आणि स्विंगमध्ये लक्षाने नेमकं तिथेच असावं.

अ‍ॅप निवडताना कमाल लय पाहून घ्या. रियाजाची बरीच अ‍ॅप विलंबित आणि मध्य लयीच्या सोयीने केलेली असतात, द्रुत २२५ पर्यंत सगळीच जात नाहीत. साधा ठेका हवा, भरणा किंवा लग्गी नको. सजवलेल्या ठेक्यात तेरावी मात्रा कानाला सापडत नाही. तानपुरा बंद ठेवा. लेहऱ्याचंही तसंच, सुरावट ऐकत बसलं की बोल मागे पडतात.

हे उपयोगी का पडतं याचा पुरेसा अभ्यास झालेला आहे. १९९९ मध्ये गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवशिक्यांना पिच शॉट (जवळून उंच उडवायचा फटका) शिकवताना एका गटाला हातांच्या हालचालीवर आणि दुसऱ्याला क्लबच्या हालचालीवर लक्ष द्यायला सांगितलं. क्लबवर लक्ष देणारे अधिक अचूक ठरले, सरावातही आणि नंतरच्या चाचणीतही. सीअन बायलॉक यांच्या २००२ च्या अभ्यासात अनुभवी गोल्फरना पट करताना (चेंडू गवतावरून कपाकडे घरंगळवताना) एकदा कानावर पडणाऱ्या टोनमधून ठरावीक टोन ओळखायला लावला, आणि एकदा स्वतःच्या स्ट्रोकवर बारीक लक्ष ठेवायला लावलं. स्वतःच्या स्ट्रोककडे पाहताना त्यांचे पट जास्त चुकले. अंगवळणी पडलेली हालचाल शब्दांत मोडून तपासायला गेलं की तिचे तुकडे पडतात. दडपणाखाली नेमकं हेच होतं, आणि म्हणून रेंजवर सरळ जाणारा चेंडू पहिल्या टीवर, फेरीच्या सुरुवातीच्या जागी, चार जण पाहत असताना उजवीकडे झाडीत जातो. ठेक्याचे बोल मनात म्हणताना त्याच मनात ‘डावा हात सरळ’ म्हणायला जागा उरत नाही, इतकं हे साधं आहे.

पण बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाच २००४ मध्ये नवशिक्यांच्या बाबतीत उलटं चित्र दिसलं. ज्यांचा स्ट्रोक अजून बसलेलाच नाही त्यांना हालचालीकडे लक्ष दिल्याने फायदा होतो. म्हणून ज्याची ग्रिप आणि स्टान्स अजून दर आठवड्याला बदलतात त्याने यातलं काहीही घेऊ नये. आधी प्रशिक्षकाकडे ग्रिप, चेंडूची जागा आणि अलाइनमेंट पक्की करावी. सात नंबरच्या आयर्नने दहातले सहा-सात चेंडू हवेत जायला लागले की मग ठेका.

आता चुका. या साधनांनी जो वैतागतो तो जवळजवळ नेहमी यातल्याच एखाद्या कारणाने.

सगळ्यात सर्रास चूक म्हणजे टोल्याची वाट पाहून मग हलणं. टोला ऐकून हलायला गेलं की ०.२ सेकंद आधीच गेले. उशीर भरून काढायला क्लब ओढून मागे घेतला जातो आणि टॉपला उलटाच घाईत पोहोचतो. चेंडूच्या फक्त वरच्या भागाला क्लब लागतो, किंवा खांदे अर्धेच वळल्यामुळे डावीकडे ओढला जातो. टोला येणार हे माहीत असायला हवं, त्याच्यासोबत निघायला हवं. त्यासाठी क्लब हातात घेऊन दोन-तीन आवर्तनं नुसती ऐका, बोल तोंडाने म्हणा, मग बिनचेंडूचे स्विंग, मग चेंडू. तोंडाने म्हणणं फार महत्त्वाचं आहे. मनातल्या मनात सुरुवात केली की नवखा माणूस बोल सोडून देतो आणि ते त्याला कळतही नाही.

दुसरी चूक टॉपच्या मात्रेची. सोळाव्या मात्रेवर क्लब थांबवून उभं राहायचं, असा अनेकांचा समज होतो. टॉप म्हणजे क्लबहेड दिशा बदलतं तो क्षण. चांगल्या स्विंगमध्ये त्याच्या जराशा आधीच कंबर आणि डावा पाय निशाणाकडे निघालेले असतात. तिथे थांबा घेतला की खाली येताना सगळं काम हातांवर पडतं आणि क्लब बाहेरून आत येतो. उजव्या हाताच्या माणसाचा स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा फटका) बऱ्याचदा इथेच तयार होतो.

तिसरी चूक समेवर ‘मारण्याची’. सम आली की अंगात जोर येतो, हे स्वाभाविक आहे. मग मनगटं वरूनच सुटतात आणि क्लब चेंडूच्या मागे जमिनीत रुततो. यावर उपाय असा की सम चेंडूवर न धरता चेंडूच्या चार बोटं पुढे, निशाणाच्या बाजूला गवतावर धरायची. आयर्नचा डिव्हट (गवत-माती उखडल्याची खूण) तसाही तिथेच पडायला हवा. रेंजच्या मॅटवर ही चूक लपते, कारण मागे आदळलेला क्लब मॅटवरून घसरत जाऊन चेंडूला लागतो आणि फटका बरा वाटतो. चेंडूच्या एक वीत मागे घडी केलेला टॉवेल ठेवा. टॉवेल हलला की समजा.

चौथी चूक लय सतत बदलण्याची. ड्रायव्हरला २१/७ आणि वेजला २७/९ असं करू नका. पूर्ण स्विंगच्या सगळ्या क्लबना एकच लय ठेवा. क्लब लांब झाला की वेग आपोआप वाढतो. आपली लय शोधायला सात नंबरच्या आयर्नने तिन्ही जोड्यांवर पाच-पाच चेंडू मारा आणि चेंडू किती लांब गेला ते न पाहता पाचही किती जवळजवळ पडले ते पाहा. सुरुवात २४/८ ने करा. पाठ किंवा खांदे कडक झालेल्या वयस्कर खेळाडूला बहुधा २७/९ मानवते.

लय खरोखर जमली का हे कानावर सोडू नका, फोनच्या स्लो मोशनने मोजा. सेकंदाला २४० फ्रेमची सोय असेल तर २४/८ चे १९२ आणि ६४ होतात, २१/७ चे १६८ आणि ५६, २७/९ चे २१६ आणि ७२. फोन समोरून, हातांच्या उंचीवर, तिपाईवर. क्लबहेड हललेली पहिली फ्रेम, दिशा बदलल्याची फ्रेम आणि चेंडूला लागल्याची फ्रेम, एवढ्या तीन शोधायच्या. सुरुवातीला आणि शेवटी नेहमीच्या वेगाने चालणाऱ्या स्लो मोशनमध्ये हिशोब चुकतो, म्हणून मूळ क्लिपच एकेक फ्रेमने पुढे सरकवा. प्रमाण अडीच ते साडेतीन यांच्या मधे आलं की ठीक आहे, नेमक्या तीनाच्या मागे लागू नका.

ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज थोडा उशिरा येतो याची अनेकांना धास्ती असते. ठेका सलग चालू असेल तर त्याने काही बिघडत नाही, कारण सगळेच बोल सारख्याच उशिराने येतात. बिघडतं ते आवाज मधेच तुटतो तेव्हा. तारेचा इअरफोन बरा, पण तार स्विंगमध्ये अडकू देऊ नका, शर्टाच्या आतून घ्या. कोणताही असो, एकाच कानात घाला. दुसरा कान ‘फोर!’ ही चेंडू येत असल्याची हाक ऐकायला मोकळा हवा. आणि स्पीकरवर ठेका लावून शेजारच्या मॅटवरच्या माणसाला तुमच्या लयीत ओढू नका.

हे सगळं रेंजपुरतंच, हे साधन घेण्याआधी प्रत्येकाला माहीत हवं. गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे फेरी चालू असताना स्विंगची लय साधायला किंवा बाहेरचे आवाज टाळायला संगीत वा दुसरा कुठला आवाज ऐकण्याला मनाई आहे. पहिल्यांदा दोन स्ट्रोकचा दंड, पुन्हा केलं तर बाद. गोळ्याचा लवचीक ट्रेनर किंवा अलाइनमेंटच्या काठ्यासुद्धा फेरीत वापरता येत नाहीत. मनात बोल म्हणायला मात्र कोणाची हरकत नाही, तोंडातल्या तोंडात म्हटले तरी नाही. म्हणून या साधनाची परीक्षा एकच आहे: ते काढून घेतल्यावर काय उरतं? आणि इथे तबल्याचं अ‍ॅप बाकी दोघांना मागे टाकतं. टूट-टूट असा टोन बंद झाल्यावर आठवत नाही, ‘ता धिं धिं धा’ आठवतं.

पण अ‍ॅपची सवय सोडवावी लागते, आपोआप सुटत नाही. पन्नास चेंडूंच्या बकेटची विभागणी अशी करा. आधी दहा स्विंग बिनचेंडूचे, ठेक्यावर. मग वीस चेंडू ठेक्यावर, एकाच क्लबने. पुढचे दहा आळीपाळीने, एक ठेक्यावर आणि एक ठेका बंद करून बोल स्वतः म्हणत. शेवटचे वीस ठेका पूर्ण बंद ठेवून, प्रत्येक चेंडूला क्लब आणि निशाण बदलून, मागे जाऊन पूर्ण रूटीनसह. हा शेवटचा भाग कंटाळवाणा वाटतो आणि सगळे तोच गाळतात. कोर्सवर तुम्ही तोच क्लब त्याच निशाणावर दोनदा कधीच मारत नाही; वीस चेंडू सलग ओढून मिळवलेली लय पहिल्या टीवर सोबत येत नाही, त्याचं कारण हेच.

रूटीनमध्ये विचाराची जागा आणि कृतीची जागा वेगळ्या ठेवा. पिया निल्सन आणि लिन मॅरियट या प्रशिक्षक जोडीने चेंडूच्या मागे एक रेष कल्पिण्याची पद्धत रूढ केली आहे. वारा, अंतर, क्लब, खड्डे, सगळा हिशोब रेषेच्या मागे. रेष ओलांडली की फक्त ठेका. मागे उभं राहून चेंडूचा मार्ग डोळ्यांपुढे आणा, चेंडूच्या फूटभर पुढे मार्गातलं एखादं पान किंवा डाग निवडा, एक लांब श्वास सोडा, ओलांडा, क्लबफेस त्या डागाकडे लावा, पाय लावा, आणि पहिली सम मनात घ्या. नियम फटका ४० सेकंदांत खेळण्याची शिफारस करतात. या रूटीनला २० ते २५ सेकंद लागतात. तेराव्या मात्रेच्या आधी काही खटकलं, कोणी बोललं, शंका आली, तर मागे फिरा आणि रेषेपासून पुन्हा सुरू करा. तेरावी मात्रा निघाली की कितीही काही झालं तरी स्विंग पुरा करा. अर्ध्यात सोडलेल्या स्विंगइतकं मनगटाला वाईट काही नाही.

बडोद्याच्या हवेत काही गोष्टी वेगळ्या सांभाळाव्या लागतात. लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातला कोर्स १९३० च्या दशकात महाराजा प्रतापसिंहरावांनी युरोपीय पाहुण्यांसाठी करवून घेतला आणि १९९० च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी तो नव्याने करून लोकांना खुला केला. झाडी जुनी आहे, मोर आहेत, आणि पावसाच्या सुमारास मोराची केका नेमकी बॅकस्विंगमध्ये येते. अशा आवाजाने दचकणाऱ्याने सरावात मुद्दाम शांत जागा शोधू नये, गजबजलेल्या वेळी रेंजवर जावं. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो आणि ठेका मधेच तुटतो, म्हणून तो बॅगेच्या कप्प्यात सावलीला हवा. घामाने ग्रिप निसटायला लागली की हात आपोआप आवळतात आणि लय सगळ्यात आधी तिथे बिघडते. दोन हातमोजे आलटून-पालटून वापरा, दर दहा चेंडूंनी ग्रिप पुसा. पावसाळ्यात ओल्या गवतावर मागे रुतलेला क्लब लगेच उघडा पडतो, त्यामुळे समेची तिसरी चूक सुधारायला तो हंगाम मॅटपेक्षा चांगला.

पटिंगला वेगळा ताल हवा. तिथे प्रमाण दोनास एकच्या आसपास असतं, म्हणजे तीन मात्रांचं माप, आणि आपल्याकडे त्यासाठी दादरा तयार आहे. धा धिं ना, धा तिं ना. पहिल्या ‘धा’पासून ‘ना’पर्यंत पटर मागे, आणि चौथ्या मात्रेच्या ‘धा’वर चेंडू. लय २०० ठेवली तर मागे ०.६ आणि पुढे ०.३ सेकंद. पट तीन फुटांचा असो की तीस फुटांचा, वेळ तीच ठेवा, फक्त पटर किती मागे जातो ते बदला. लांब पट कमी पडतो तो बहुधा लय मंद झाल्याने. नजरेचं काम इथे सगळ्यात मोठं. जोन विकर्स यांनी १९९२ पासून पटिंगमधल्या नजरेचा अभ्यास केला. कुशल खेळाडूंची नजर स्ट्रोक सुरू होण्याआधीच चेंडूवरच्या एका बिंदूवर स्थिरावते आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर त्याच जागी राहते. दादऱ्यात हे बसवणं सोपं आहे: पटर चेंडूला लागल्यावर ‘तिं ना’ म्हणून होईपर्यंत नजर हलवायची नाही. ‘ना’ झाला की डोकं वर. छोट्या पटवर तोवर चेंडू कपात पडल्याचा आवाज आलेला असतो.

लवचीक ट्रेनरबद्दल थोडक्यात. गोळ्याच्या वजनामुळे घाई केली की दांडी लगेच वाकडी वागते, आणि थंडीत सकाळी अंग मोकळं करायला तो छान आहे. पण चेंडू नसल्यामुळे लक्ष कुठे भरकटतं याची परीक्षाच होत नाही. घरी अंगणात जागा असेल तर घ्या, फ्लॅटमध्ये पंखा आणि ट्यूबलाइट सांभाळा. त्याच्यावर सुद्धा तेराव्या मात्रेपासूनच निघा, आणि एका वेळी पंधरा-वीस स्विंगपेक्षा जास्त नकोत. त्यापुढे कोपर दुखायला लागतं.